वहिनी आधीच दचकतात

१

रविवारी दुपारी भांडी घासून झाली, ओटा पुसून झाला, की त्या घरात टाळी वाजायची. एकच, पण खणखणीत. कात्रीची बायको सोफ्यावर मांडी घालून बसायची, गळ्याशी माइक अडकवायची, समोरच्या कॅमेऱ्याकडे बघून टाळी वाजवायची आणि म्हणायची, "चला, करा सुरू. आज काकांना काही झालं ना, तर मी टीव्ही फोडणार आहे. मग मला बोलायचं नाही."

कात्री म्हणजे तिचा नवरा. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव होतं त्याला, पण स्टुडिओत बसून दिवसभर लोकांच्या लग्नांचे नि वाढदिवसांचे व्हिडिओ कापणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? चिकटलं ते चिकटलंच. बायकोसुद्धा चिडली की त्याच नावाने हाक मारायची, आणि ती वरचेवर चिडायची.

टाळी वाजली की त्याच क्षणी कात्री मालिका सुरू करायचा. भाग संपला की पुन्हा एक टाळी. या दोन टाळ्यांच्या मध्ये बायकोच्या तोंडावर जे काही उमटेल, ते आणि मालिका शेजारी शेजारी लावून इंटरनेटवर लोकांना दाखवायचं, एवढाच उद्योग. नियम एकच, पण कडक. भाग आधी कुणीही बघायचा नाही. पहिल्यांदा बघायचा तो कॅमेऱ्यासमोर.

पोलिसांची मालिका होती. एक तापट इन्स्पेक्टर बाई, तिच्या हाताखालचा म्हातारा हवालदार, ज्याला सगळे काका म्हणत, आणि एकामागून एक होणारे खून. हा शेवटचा सीझन होता. काका वाचतात की जातात, या काळजीने बायकोची झोप उडाली होती. ती दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनिस्ट होती. दिवसभर घाबरलेल्या लोकांना "काही होत नाही हो, मुंगी चावल्यासारखं वाटेल" असं सांगायची आणि घरी येऊन स्वतः टीव्हीला घाबरायची. लोकांना तीच गंमत वाटायची. सगळे तिला वहिनी म्हणत.

हे सगळं सुरू कसं झालं, ते मात्र गमतीचं नव्हतं. तिची आई गेली तेव्हा ती बोलायचीच बंद झाली होती. कामावर जायची, यायची, जेवायची, भिंतीकडे तोंड करून झोपायची. कात्रीने सगळे उपाय करून पाहिले. डॉक्टर झाले, फिरायला नेणं झालं, पाया पडणंही झालं. मग एके दिवशी टीव्हीवर ही मालिका लागली आणि ती एकदम ओरडली, "अगं बाई, मागे बघ! मागे!" कात्री स्वयंपाकघरात होता. तो तिथेच फरशीवर बसला आणि तोंडात टॉवेल कोंबून रडला. दुसऱ्या दिवशी त्याने कॅमेरा लावला. लोकांसाठी नव्हता तो लावला. तिचा चेहरा पुन्हा विझू नये म्हणून लावला होता.

२

शेवटच्या सीझनचा दुसरा भाग टाकला आणि खाली कुणीतरी लिहिलं, "वहिनी आधीच दचकतात. गुपचूप बघून ठेवलंय वाटतं!" खाली हसण्याची चित्रं.

कात्रीला राग आला. त्याच्या जुळवणीवर बोट ठेवलेलं त्याला कधीच खपायचं नाही. नवरीने हार घातला आणि वाजंत्री क्षणभर उशिरा वाजली तरी ती जुळवल्याशिवाय तो जागचा उठायचा नाही. त्याने जेवणाच्या सुट्टीत संगणकावर दोन्ही पट्ट्या उघडल्या, एक मालिकेची आणि एक बायकोच्या रेकॉर्डिंगची. पहिली टाळी बरोबर होती. शेवटची टाळी बरोबर होती. मध्येच कुठेतरी, मालिकेत कपाट उघडून आतून हात बाहेर पडतो, तिथे बायकोचे डोळे विस्फारले होते. कपाट तेव्हा बंद होतं.

फरक म्हणाल तर पापणी लवण्याइतका. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आला नसता. कात्रीने पुन्हा पाहिलं. डोळे आधी, कपाट मग. पण बायको त्या वेळी दचकून छातीवर हात ठेवते ना, तो हात मात्र कपाट उघडल्यावरच वर येत होता. हात वेळेवर होता. फक्त चेहराच घाईत होता.

"कॅमेरा म्हातारा झालाय," तो स्वतःशीच म्हणाला, आणि तिची पट्टी किंचित मागे सरकवून मोकळा झाला. हे काम तो रोज करायचा. लोकांच्या लग्नात सगळंच थोडंफार पुढेमागे झालेलं असतं, आणि ते सरळ करून देण्याचेच त्याला पैसे मिळायचे.

३

पुढच्या भागात फरक वाढला. आता श्वास घेऊन सोडता येईल एवढा. मालिकेत कुणी बंदूक काढण्याआधी बायको तोंडावर हात न घेताच किंचाळत होती. हात नंतर, निवांत, तोंडाशी येत होता. किंकाळी तोवर संपलेली असायची.

आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे, कात्री स्वतः तिथे होता. कॅमेऱ्याच्या बाजूला स्टूल टाकून तो दर वेळी बसायचा. त्याला पक्कं आठवत होतं, बंदूक निघाली, मग ती किंचाळली, मग तो हसला. रेकॉर्डिंगमध्ये त्याचं हसू बरोबर जागच्या जागी होतं. टीव्हीचा आवाज जागच्या जागी होता. एकटी तीच पुढे पळत होती.

माणसाचं डोकं मोठं लबाड असतं. नको ते पटवून घेण्यापेक्षा ते सोपं काहीतरी शोधतं, मग ते घाणेरडं का असेना. कात्रीला वाटलं, हिने भाग आधी बघितलाय. आपल्या तोंडावर नाटक करतेय, आणि कॅमेऱ्यासमोर नाटक थोडं चुकतंय.

"खरं सांग," तो रात्री जेवताना म्हणाला, "तू भाग आधी बघतेस का?"

तिने घास खाली ठेवला. "काय म्हणालास?"

"राग मानू नकोस. लोक म्हणतायत."

"लोक गेले उडत. तू काय म्हणतोयस?"

"तू आधी दचकतेस. दिसतं ते."

"मी आधी दचकते," ती सावकाश म्हणाली. "अरे, आई गेल्यापासून या घरात मला एकच गोष्ट धड जमते, ती म्हणजे वेड्यासारखं दचकणं. तेही खोटं आहे म्हण. म्हण ना, म्हणून टाक."

ती ताट घेऊन उठली. नळाखाली भांड्यांची जी काही आदळआपट सुरू झाली, ती ऐकून खालच्या मजल्यावरच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. कात्री मान खाली घालून बसून राहिला. त्याला लाज वाटली. ती खोटं बोलत नव्हती, हे त्याला तिच्या पाठीवरूनही कळत होतं. आणि ती खोटं बोलत नसेल तर काय, हा प्रश्न त्याने त्या रात्री स्वतःला विचारला नाही.

तिला रेकॉर्डिंग दाखवावं, असंही मनात आलं. पण तिला स्वतःचे व्हिडिओ बघायला मुळीच आवडायचे नाहीत. "माझं थोबाड मला आरशात पुरतं," असं म्हणायची. त्याने विषय सोडून दिला.

४

पुढच्या रविवारी कात्रीने स्वयंपाकघरातून पातेल्याचं एक जड झाकण आणलं आणि स्टुलाखाली लपवलं. कधी टाकायचं, ते त्याने ठरवलंच नव्हतं. मुद्दामच ठरवलं नव्हतं. जे त्यालाच माहीत नाही, ते दुसऱ्या कुणाला माहीत असायचं कारण नाही.

टाळी वाजली. भाग सुरू झाला. काका आणि इन्स्पेक्टर बाई गाडीत बसून चहा पीत होते, अगदी साधा प्रसंग. बायको गालावर हात ठेवून रंगून बघत होती. कात्रीला एकदम वाटलं, आता. त्याने झाकण उचललं आणि फरशीवर सोडून दिलं.

काय आवाज झाला! बायको सोफ्यावरून उडाली. "अरे मेल्या! जीव घेतोस का माझा?" तिने उशी फेकून मारली, ती नेमकी त्याच्या तोंडावर बसली. मग दोघेही हसायला लागले. आठवडाभराचा अबोला तिथेच फुटला. कात्रीला इतकं बरं वाटलं, की रेकॉर्डिंग तपासायची गरजच काय, असं त्याच्या मनात येऊन गेलं.

सोमवारी त्याने तपासलं.

झाकण पडल्याचा आवाज जागेवर होता. तिचा हात छातीवर गेला तोही जागेवर. चेहरा मात्र खूप आधी दचकून मोकळा झाला होता. इतका आधी, की "अरे मेल्या" हे शब्द माइकमध्ये येऊन गेले तेव्हा झाकण अजून स्टुलाखालीच होतं. कात्रीने तोवर मनात ठरवलेलंही नव्हतं.

तो खुर्चीत मागे टेकला. स्टुडिओत एसी चालू होता, तरी त्याच्या बगला भिजल्या. शेजारच्या टेबलावरचा पोरगेला फोटोग्राफर म्हणाला, "काय कात्री, भूत बघितलंस का?" तेव्हा तो उगीचच हसला. मग त्याने तिची पट्टी मागे सरकवली, कडा घासूनपुसून काढल्या, आणि व्हिडिओ टाकून दिला. लोकांना फार आवडला. वहिनींनी उशी काय नेम धरून मारली, म्हणाले.

५

शेवटून दुसरा भाग मजेचा होता. काकांना बढती मिळते, पोलीस ठाण्यात सगळे त्यांची टोपी पळवतात, असा काहीतरी गोंधळ. बायको पोट धरून हसली होती.

रेकॉर्डिंगमध्ये ती रडत होती.

पहिल्या टाळीनंतर थोड्याच वेळात तिचं तोंड वेडंवाकडं झालं आणि ती रडायला लागली. माइकमध्ये तिचा आवाज होता. "काका, नको ना... नको ना हो, आत जाऊ नका..." आणि त्यावर कात्रीचं स्वतःचं खदाखदा हसणं. तिचे हात मांडीवर आनंदाने थापट्या मारत होते. गाल ओले होते आणि हात हसत होते.

आता कुणी शहाणा माणूस असता, तर तिथेच उठून घरी गेला असता. बायकोला समोर बसवून म्हणाला असता, बघ बाई, हे काय आहे, मला भीती वाटतेय. कात्री एडिटर होता. त्याला समोर बिघडलेलं काम दिसलं. त्याने जुन्या भागांतून तिचं हसणं शोधलं, त्याच रंगाचा ड्रेस असलेलं, उजेड जुळवला, ठिगळं लावली. ठिगळ कुठे आहे हे त्याचं त्याला सापडेना, इतकं सुरेख काम झालं. त्याला थोडा अभिमानही वाटला.

रविवारी शेवटचा भाग. काका पेटलेल्या गोदामाकडे धावत निघाले आणि सोफ्यावर बायको पुढे झुकली. "काका, नको ना," ती म्हणाली, "नको ना हो, आत जाऊ नका..." तोच सूर, तोच मध्ये अडकलेला हुंदका. कात्री स्टुलावर बसून ते दुसऱ्यांदा ऐकत होता.

म्हणजे तिचा चेहरा आता आठवडाभर पुढे गेला होता.

काका गेले. खुनी सापडला. इन्स्पेक्टर बाईंनी वर्दी उतरवून खुंटीला अडकवली. नावं सरकायला लागली. बायकोने नाक पुसलं, कॅमेऱ्याकडे बघून टाळी वाजवली आणि म्हणाली, "संपलं रे. आता रविवारी मी काय करू?"

कात्री कॅमेऱ्याच्या लाल दिव्याकडे बघत राहिला. मालिका तर संपली. आज तिचा चेहरा कशाला दचकला असेल?

६

सोमवारी दुपारी सगळे जेवायला बाहेर गेल्यावर त्याने स्टुडिओचं दार आतून लावलं आणि पट्टी उघडली.

पहिली टाळी. त्यानंतर ती जी दिसली, ती त्याला आधी ओळखूच येईना. थकलेली, आंबलेली, भिंतीकडे बघावं तशी समोर बघणारी. ही बाई त्याने पूर्वी पाहिली होती. आई गेल्यानंतरची. मालिकेत काका जळत होते. तिचे हात रुमालाने डोळे पुसत होते आणि डोळे ठणठणीत कोरडे होते. एकदाही तिने स्टुलाकडे पाहिलं नाही. एरवी दर दोन मिनिटांनी बघायची. तिथे कुणी बसलेलं नाही, हे माहीत असल्यासारखी बसली होती. आणि स्टुलावरून कात्रीचा खोकला ऐकू येत होता.

बराच वेळ असाच गेला. मग तिची मान एका बाजूला कलली. ओठ हलायला लागले. कात्रीने आवाज पूर्ण वाढवला. टीव्ही ऐकू आला, पंखा ऐकू आला, स्वतःचं नाक ओढणं ऐकू आलं. तिचा आवाज कुठेच नव्हता; या वेळी चेहऱ्याबरोबर तो आलाच नव्हता. ती बोलत होती, थांबत होती, पुन्हा बोलत होती. मध्येच चिडली. मध्येच ओठ थरथरले.

मग तिने कान टवकारल्यासारखं केलं, नजर दाराकडे वळली, आणि ती हसली.

ते हसू कात्रीच्या ओळखीचं होतं. जगात आणखी कुणाच्या ओळखीचं नव्हतं. संध्याकाळी तो घरी आला, बेल वाजवली आणि तिने दार उघडलं, की त्या पहिल्या क्षणात ते तिच्या चेहऱ्यावर असायचं. पुढच्या क्षणी ती 'भाजी आणलीस का' म्हणून खेकसायची, पण तो पहिला क्षण त्याचा होता. त्याच्याखेरीज दुसऱ्या कुणाला पाहून ती तशी हसल्याचं त्याला आठवत नव्हतं.

हसू जागच्या जागी राहिलं आणि भुवया गोळा झाल्या. काहीतरी न समजल्यासारखं झालं तिला. तिने समोर पाहिलं, मान जिकडे कलली होती तिकडे डोळे वळवले, पुन्हा समोर पाहिलं. मग ते डोळे मोठे झाले. त्यांत जे आलं, ते कात्रीने तिच्या हजार दचकण्यांत कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर काही नाही. तोंड अर्धवट उघडं, डोळे उघडे. कात्रीला वाटलं, चित्र अडकलं. पण तिच्या मागे पडदा हलत होता. हात मांडीवर चाळा करत होते. पापणी तेवढी लवत नव्हती. तो बघत राहिला, भाग संपेपर्यंत बघत राहिला, नावं सरकायला लागली तरी ती लवली नाही. मग त्या रिकाम्या चेहऱ्यासमोर दोन हात उचलले गेले, आणि टाळी वाजली.

७

"कसं आलंय रे?" त्या संध्याकाळी दार उघडून तिने विचारलं. हसून. "नाक फार लाल झालंय का माझं?"

"फाईल उडाली," कात्री म्हणाला.

"काय? सगळी? काकांची सगळी?" ती हळहळली, चडफडली, त्याच्या कॅमेऱ्याचा उद्धार केला. तो तिच्याकडे बघू शकत नव्हता. ती पाणी द्यायला जवळ आली तेव्हा त्याने आपले हात खिशात घातले.

आपण असे आहोत का, तिचा जीव घेणारे? हे त्याने रात्रभर स्वतःला विचारलं. उभ्या आयुष्यात त्याने तिच्यावर हात उगारला नव्हता. झुरळ मारायलासुद्धा तीच पुढे व्हायची. पण ते हसू खोटं कसं म्हणायचं? ती ज्याला बघून हसली, त्यालाच बघून मग तिचे डोळे तसे झाले. आणि ती तशी हसते ती एकालाच बघून. हिशोब सरळ होता. तो कितीही फिरवला तरी उत्तर तेच येत होतं.

तिला सांगायचं त्याने दोनदा मनाशी ठरवलं. काय सांगणार होता? माझ्यापासून जप? तिचा चेहरा विझलेला त्याला पुन्हा बघायचा नव्हता. आणि खरं तर उपाय सोपा होता. ज्याची भीती, तोच तिथे नसला म्हणजे झालं. दारात यायला माणूसच नको. पट्टीत बिघाड असेल तर तेवढा तुकडा कापून काढायचा, हे तर त्याचं रोजचं काम.

"स्टुडिओत मोठं काम आलंय," सकाळी पिशवी भरताना तो म्हणाला. "काही दिवस तिथेच झोपावं लागेल."

"काही दिवस म्हणजे?"

"सांगतो."

"माझं काही चुकलं का?"

"नाही गं."

"मग माझ्याकडे बघून बोल ना," ती म्हणाली. तो पिशवीची चेन लावत राहिला.

८

तो स्टुडिओत सतरंजी टाकून झोपायचा. तिचे फोन यायचे. पहिल्यांदा चिडून, मग समजुतीने, मग नुसतेच. तो कामाचं कारण सांगून ठेवून द्यायचा. व्हिडिओ कॉल तर घ्यायचाच नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा फोन केला. "अरे, बायको तुझी धड जेवत नाही, कुणाशी बोलत नाही. भिंतीकडे बघत बसते. भांडलात का रे?" कात्रीचे पाय घराकडे वळायला लागले होते. त्याने ते आवरले. ती जिवंत आहे, रुसलेली का असेना, एवढं त्याला पुरेसं होतं.

रविवारी दुपारी स्टुडिओत तो एकटाच होता. फोन वाजला.

"काय करतोयस?" तिचा आवाज बसलेला होता.

"काम."

"मी सोफ्यावर बसलेय. टीव्ही बंद आहे. घर खायला उठतं रे."

"जेवलीस का?"

"तू आधी मला सांग, तुला मी नकोशी झालेय का? सांगून टाक. मी नाही रडणार."

"वेडी आहेस का? अगं, तुझ्याशिवाय..."

"मग ये ना घरी! कसलं मेलं काम ते!" ती चिडली. मग तिचा आवाज थरथरला. "मला भीती वाटते रे, तू नसलास की. आई गेल्यावर वाटायची तशी."

कात्रीने डोळे मिटले. सगळं सांगून टाकावं, आत्ताच, फोनवर, असं त्याने ठरवलं. "ऐक, मी का आलो नाही ते सांगतो. रेकॉर्डिंगमध्ये मला..."

"थांब," ती म्हणाली.

"काय झालं?"

"जिना कोण चढतंय?" ती कानोसा घेत असावी. मग तिचा आवाज एकदम उजळला. "अरे लबाडा! ही चप्पल तुझी आहे. घासत चालतोस ना, मी झोपेतसुद्धा ओळखेन. फोनवर बोलत बोलत वर येतोयस होय?"

कात्री ताडकन उभा राहिला. "मी स्टुडिओत आहे."

"हो, हो, स्टुडिओत आहेस."

"अगं, खरंच स्टुडिओत आहे! ऐक माझं—"

बेल वाजली. दोनदा तुटक, एकदा लांब. तो वाजवायचा तशी. फोनमधून त्याने ती स्वच्छ ऐकली.

"आले, आले," ती म्हणाली. सोफ्याची स्प्रिंग कुरकुरली. फोन तिने कान आणि खांद्यामध्ये धरला असावा, कारण तिचा श्वास अगदी त्याच्या कानाशी आला. मान एका बाजूला कललेली. तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं, की रेकॉर्डिंगमध्ये ती कुणाशी बोलत होती.

"दार उघडू नकोस!" तो ओरडला. "मी इथे आहे! तो मी नाही! उघडू नकोस!"

कडी सरकली.

"आलास?" ती म्हणाली. ते हसू आवाजातही ऐकू येत होतं.

कात्री ओरडतच होता. घसा फाटेपर्यंत तिचं नाव घेत होता. मग ती बोलली, पण फोनमध्ये नाही. दारातल्या माणसाशी.

"तू इथे आहेस, मग फोनवर कोण बोलतंय?"

मग दाराकडून, दमून घरी आलेल्या माणसाच्या सुरात, कात्रीला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"कुणी नाही गं. ठेव तो."

आणि तिने फोन ठेवला.